अँड्र्यू फाइल सिस्टम

अँड्र्यू फाइल सिस्टम, संक्षेपाने एएफएस, ही संगणक जाळ्यावर चालणारी वितरित फाइल प्रणाली आहे. अनेक सर्व्हरवर विखुरलेल्या फाइली ती वापरकर्त्यांना एकाच सलग वृक्षाच्या रूपात दाखवते. फाइल नेमक्या कोणत्या सर्व्हरवर आहे हे वापरकर्त्याला ठाऊक असावे लागत नाही आणि ती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली तरी तिचा पत्ता बदलत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकात ही प्रणाली विकसित झाली. तिची सध्याची सर्वाधिक प्रचलित मुक्तस्रोत आवृत्ती ‘ओपनएएफएस’ या नावाने ओळखली जाते. या लेखात प्रणालीची रचना, तिची उभारणी आणि तिचे प्रशासन यांची माहिती मुख्यतः ओपनएएफएसच्या संदर्भात दिली आहे.

इतिहास

१९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी संयुक्तपणे ‘अँड्र्यू’ प्रकल्प हाती घेतला. विद्यापीठाशी निगडित असलेल्या अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोघांच्या समान नावावरून प्रकल्पाचे नाव पडले. विद्यापीठातील प्रत्येकाला स्वतःचा वैयक्तिक संगणक मिळावा आणि तरीही कोणत्याही संगणकासमोर बसल्यावर स्वतःच्या फाइली हाती याव्यात, अशी कल्पना होती. त्यासाठी ५,००० ते १०,००० संगणकांना पुरेल अशी फाइल प्रणाली हवी होती. महादेव सत्यनारायणन, जॉन हॉवर्ड, मायकेल कझार, डेव्हिड निकोल्स, शेरी निकोल्स, रॉबर्ट साइडबॉटम आणि मायकेल वेस्ट हे तिच्या मुख्य रचनाकारांपैकी होत. यांपैकी सत्यनारायणन हे मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी आहेत.

पहिल्या प्रायोगिक आवृत्तीत सर्व्हरच्या बाजूला ‘व्हाइस’ आणि वापरकर्त्याच्या संगणकावरील प्रक्रियेला ‘व्हीनस’ अशी नावे होती. फाइल उघडताच ती पूर्णच्या पूर्ण संगणकावर उतरवून घेतली जाई. या आवृत्तीवर सुमारे १०० संगणक, ६ सर्व्हर आणि ४०० वापरकर्ते होते. मोजमाप केले असता असे आढळले की, सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी जवळजवळ ९० टक्के विनंत्या फाइलीच्या मजकुरासाठी नसून ‘माझ्याकडील प्रत अजून ताजी आहे का’ आणि ‘या फाइलीची स्थिती काय’ एवढ्याच चौकशीसाठी होत्या. शिवाय प्रत्येक संगणकासाठी सर्व्हरवर स्वतंत्र प्रक्रिया चालत असल्याने सर्व्हर लवकर थकत.

दुसऱ्या आवृत्तीत हा चौकशीचा भार ‘कॉलबॅक’ या योजनेने हटवण्यात आला. प्रशासनाच्या सोयीसाठी ‘व्हॉल्यूम’ ही संकल्पनाही याच टप्प्यावर आली. या बदलांचे वर्णन करणारा शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे वितरित प्रणालींच्या अभ्यासक्रमांत तो नेहमी नेमला जाऊ लागला. तिसऱ्या आवृत्तीत पूर्ण फाइलऐवजी तिचे तुकडे उतरवण्याची सोय झाली आणि संदेशवहनासाठी ‘आरएक्स’ हा नवा प्रोटोकॉल आला. आजची प्रणाली या तिसऱ्या आवृत्तीचीच वंशज आहे.

१९८९ मध्ये आल्फ्रेड स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ट्रान्सआर्क या कंपनीने एएफएसची व्यावसायिक विक्री सुरू केली. १९९४ मध्ये आयबीएमने ती कंपनी विकत घेतली. २००० मध्ये आयबीएमने एएफएसचा स्रोत आपल्या सार्वजनिक परवान्याखाली खुला केला आणि त्यातून ओपनएएफएस प्रकल्प उभा राहिला. २०१६ सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार एएफएसच्या निर्मात्यांना देण्यात आला.

रचना

सेल

एका संस्थेच्या प्रशासनाखाली असलेल्या सर्व्हरांच्या आणि वापरकर्त्यांच्या समूहाला ‘सेल’ म्हणतात. सेलचे नाव बहुधा संस्थेच्या इंटरनेट नावावरून ठेवले जाते. सर्व सेल ‘/एएफएस’ या एकाच मुळाखाली दिसतात. उदाहरणार्थ, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अथेना सेलमधील फाइलींचा मार्ग ‘/एएफएस/अथेना.एमआयटी.एज्यु’ असा सुरू होतो आणि जगात कोठूनही पाहिले तरी तो तसाच असतो. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएस प्रणालीत कोणता सर्व्हर कोठे जोडायचा हे प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे ठरवता येते. एएफएसमध्ये ती माहिती सर्व्हरकडे असते व सर्वांसाठी एकच असते. हा दोहोंतील मूलभूत फरक होय.

व्हॉल्यूम

एएफएसमध्ये प्रशासनाचे एकक डिस्क नसून व्हॉल्यूम असते. व्हॉल्यूम म्हणजे एकत्र ठेवलेल्या डिरेक्टऱ्यांचा आणि फाइलींचा एक उपवृक्ष. एका वापरकर्त्याची होम डिरेक्टरी, एका प्रकल्पाचे दस्तऐवज किंवा एखादे सॉफ्टवेअर अशा प्रत्येक गोष्टीसाठी बहुधा स्वतंत्र व्हॉल्यूम करतात. व्हॉल्यूमला कमाल आकाराची मर्यादा, अर्थात कोटा, लावता येते. व्हॉल्यूम वृक्षात जेथे जोडले जाते त्या जागेला ‘माउंट पॉइंट’ म्हणतात. त्यात सर्व्हरचे नाव नसते, केवळ व्हॉल्यूमचे नाव असते.

व्हॉल्यूमचे तीन प्रकार आहेत. मूळ लेखनक्षम व्हॉल्यूम, त्याच्या केवळ वाचनासाठी असलेल्या एक वा अनेक प्रती, आणि ‘बॅकअप’ प्रकारची क्षणचित्र प्रत. फाइलची आंतरिक ओळख ९६ बिटांच्या क्रमांकाने होते. त्यात व्हॉल्यूमचा क्रमांक, व्हॉल्यूममधील नोंदीचा क्रमांक आणि तीच नोंद पुन्हा वापरली गेल्यास गोंधळ होऊ नये म्हणून जोडलेला वेगळेपणाचा क्रमांक असे ३२ बिटांचे तीन भाग असतात. सर्व्हरचा पत्ता या ओळखीत नसल्यामुळेच व्हॉल्यूम मुक्तपणे हलवता येते.

सर्व्हर प्रक्रिया

एएफएसचे सर्व्हर म्हणजे एकमेकांशी सहकार्य करणाऱ्या अनेक प्रक्रिया आहेत. त्या यूडीपी प्रोटोकॉलवर ठरावीक पोर्टांवर ऐकतात.

• फाइल सर्व्हर (पोर्ट ७०००): फाइलींचा मजकूर आणि स्थिती पुरवतो.
• संरक्षण सर्व्हर (पोर्ट ७००२): वापरकर्ते, गट आणि त्यांचे क्रमांक यांची नोंद ठेवतो.
• व्हॉल्यूम स्थान सर्व्हर (पोर्ट ७००३): कोणते व्हॉल्यूम कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगतो.
• व्हॉल्यूम सर्व्हर (पोर्ट ७००५): व्हॉल्यूम तयार करणे, हलवणे, प्रती काढणे ही कामे करतो.
• बॉस सर्व्हर (पोर्ट ७००७): वरील सर्व प्रक्रिया सुरू करतो, त्यांवर देखरेख ठेवतो व बंद पडल्यास पुन्हा चालू करतो.

वापरकर्त्याच्या संगणकावरील कॅश व्यवस्थापक पोर्ट ७००१ वर सर्व्हरचे निरोप स्वीकारतो. पूर्वी पोर्ट ७००४ वर एएफएसचा स्वतःचा प्रमाणीकरण सर्व्हर चाले. आता त्याची जागा कर्बेरॉस ५ ने घेतली आहे.

संरक्षण आणि व्हॉल्यूम स्थान यांचे डेटाबेस ‘यूबिक’ या यंत्रणेद्वारे एकाहून अधिक सर्व्हरवर राखले जातात. सर्व डेटाबेस सर्व्हर मतदानाने एक समन्वयक निवडतात आणि लेखन केवळ त्याच्याच द्वारे होते. निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास डेटाबेस वाचता येतो, परंतु बदलता येत नाही. मते समसमान होऊ लागल्यास सर्वांत लहान आयपी पत्त्याच्या सर्व्हरचे मत किंचित जड धरले जाते. म्हणून डेटाबेस सर्व्हरांची संख्या विषम, साधारणतः ३, ठेवण्याची प्रथा आहे.

कॅश आणि कॉलबॅक

वापरकर्ता फाइल उघडतो तेव्हा कॅश व्यवस्थापक तिचे तुकडे स्थानिक डिस्कवर उतरवतो आणि पुढील वाचन तेथूनच होते. फाइल देताना सर्व्हर एक वचनही देतो: ही फाइल दुसऱ्या कोणी बदलल्यास कळवले जाईल. हेच कॉलबॅक होय. निरोप येईपर्यंत किंवा वचनाची मुदत संपेपर्यंत कॅशमधील प्रत ताजी मानली जाते व सर्व्हरला पुन्हा विचारावे लागत नाही. त्यामुळे अनेकांनी वाचायच्या आणि क्वचित बदलणाऱ्या फाइलींसाठी ही प्रणाली विशेष उपयुक्त ठरते.

लेखन केलेला मजकूर सामान्यतः फाइल बंद करताना सर्व्हरकडे जातो. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली, तर जो नंतर बंद करील त्याचे लेखन टिकते.

उभारणी

पूर्वतयारी

नवा सेल उभारण्यापूर्वी तीन गोष्टी सिद्ध असाव्या लागतात. पहिली, चालू स्थितीतील कर्बेरॉस ५ क्षेत्र. दुसरी, सर्व यंत्रांची जुळलेली घड्याळे. कर्बेरॉस सामान्यतः ५ मिनिटांपर्यंतचा फरक सहन करते. यूबिकच्या मतदानाला मात्र काही सेकंदांचा फरकही बाधतो, म्हणून एनटीपीद्वारे वेळ जुळवणे आवश्यक असते. तिसरी, प्रत्येक फाइल सर्व्हरवर ‘/व्हाइसपीए’, ‘/व्हाइसपीबी’ अशा ठरलेल्या नावांनी जोडलेली स्वतंत्र पार्टिशने. फाइल सर्व्हर केवळ याच नमुन्याची नावे शोधतो. अशा नावाची डिरेक्टरी आहे, पण तिच्यावर पार्टिशन जोडलेले नाही, असे आढळल्यास तो ती वापरत नाही. डिस्क जोडली न जाता यंत्र सुरू झाल्यास मूळ डिस्कवरच फाइली लिहिल्या जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

पार्टिशनवर साठवलेला मजकूर थेट पाहिल्यास ओळखू येत नाही, कारण व्हॉल्यूम आपल्या आंतरिक क्रमांकांनुसार मांडलेले असते. तेथील कोणतीही फाइल हाताने हलवणे वा पुसणे धोक्याचे असते. जुन्या ‘आयनोड’ पद्धतीच्या सर्व्हरवर तर नेहमीचा डिस्क तपासणीचा कार्यक्रम चालवला तरी व्हॉल्यूममधील मजकूर अनाथ समजून नष्ट केला जाई. आजच्या ‘नेमआय’ पद्धतीत ही अडचण उरलेली नाही.

सेलची किल्ली

कर्बेरॉसमध्ये ‘एएफएस/सेलचे नाव’ अशा स्वरूपाची सेवा-ओळख निर्माण करून तिची किल्ली प्रत्येक एएफएस सर्व्हरवर ठेवली जाते. १.८ मालिकेत ही किल्ली ‘एकीकन्व्हर्ट’ या साधनाने एएफएसला समजेल अशा रूपात आणतात. सेलमधील सर्व सर्व्हरवर हीच एक किल्ली असते. ज्याच्या हाती ती पडेल तो कोणाही वापरकर्त्याच्या नावाने, अगदी प्रशासकाच्या नावानेही, वावरू शकतो. म्हणून किल्लीची फाइल केवळ सर्व्हरच्या मूळ वापरकर्त्याला वाचता येईल अशी ठेवतात आणि एएफएस सर्व्हरवर इतर सेवा चालवत नाहीत. कर्बेरॉसमधून किल्ली पुन्हा काढल्यास तिचा आवृत्ती क्रमांक वाढतो. नवी आवृत्ती सर्व सर्व्हरवर पोहोचण्याआधीच वापरात आली, तर उरलेले सर्व्हर वापरकर्त्यांना ओळखेनासे होतात.

पहिला सर्व्हर

उभारणीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. बॉस सर्व्हर सुरू करून सेलचे नाव व डेटाबेस सर्व्हरांची यादी नोंदवणे.
२. ‘बॉस’ आज्ञेने संरक्षण सर्व्हर व व्हॉल्यूम स्थान सर्व्हर निर्माण करणे.
३. ‘पीटीएस’ आज्ञेने प्रशासकाची नोंद करून त्याला ‘सिस्टम:अॅडमिनिस्ट्रेटर्स’ गटात घालणे, तसेच ‘बॉस’ आज्ञेने सर्व्हरवरील अधिकृत प्रशासकांच्या यादीत त्याचे नाव घालणे.
४. फाइल सर्व्हर, व्हॉल्यूम सर्व्हर आणि दुरुस्ती प्रक्रिया यांचा संच सुरू करणे.
५. ‘व्हॉस’ आज्ञेने ‘रूट.एएफएस’ व ‘रूट.सेल’ ही मूळ व्हॉल्यूमे निर्माण करणे.

जुन्या मार्गदर्शिकांत पहिल्या काही पायऱ्यांसाठी बॉस सर्व्हर प्रमाणीकरणाविना सुरू करण्यास सांगितलेले असते. त्या अवस्थेत जाळ्यावरील कोणालाही प्रशासकाचे अधिकार मिळतात, म्हणून तो काळ शक्य तितका अल्प ठेवून प्रमाणीकरण लगेच सुरू करावे लागते. सर्व्हरवरील किल्लीच्या आधारे स्थानिक ओळख देणारा पर्याय वापरल्यास ही असुरक्षित अवस्था टाळता येते. डेबियन लिनक्सवर ‘एएफएस-न्यूसेल’ आणि ‘एएफएस-रूटव्हॉल’ या आज्ञावल्या वरील बरीचशी कामे क्रमाने करून देतात.

मूळ वृक्ष

‘रूट.सेल’ हे व्हॉल्यूम सेलच्या नावाने दोनदा जोडण्याची प्रथा आहे. साध्या नावाचा मार्ग वाचनप्रतींकडे नेतो आणि नावाआधी टिंब असलेला मार्ग लेखनक्षम मूळाकडे. एएफएसचा नियम असा आहे की, वाचनप्रतीतून पुढे जाताना पुढील व्हॉल्यूमची वाचनप्रत असल्यास तीच निवडली जाते. लेखनक्षम व्हॉल्यूममध्ये एकदा शिरल्यावर मात्र पुढील वाटही लेखनक्षमच राहते. त्यामुळे प्रशासक टिंबाच्या मार्गाने बदल करतो आणि ‘व्हॉस रिलीज’ आज्ञेने ते वाचनप्रतींवर पाठवतो. ही आज्ञा दिली नाही, तर बदल मूळ व्हॉल्यूममध्ये सुरक्षित असूनही वापरकर्त्यांना दिसत नाही. नव्या प्रशासकांना गोंधळात टाकणारी ही नेहमीची गोष्ट आहे.

क्लायंट

वापरकर्त्याच्या संगणकावर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: आपला सेल कोणता, डेटाबेस सर्व्हर कोठे आहेत आणि कॅश कोठे व केवढी असावी. सर्व्हरांचे पत्ते ‘सेलसर्व्हडीबी’ या फाइलीत असतात किंवा डीएनएसमधील नोंदींवरून शोधता येतात. कॅशचे तपशील ‘कॅशइन्फो’ या फाइलीत एका ओळीत लिहिलेले असतात. कॅशसाठी स्वतंत्र पार्टिशन ठेवणे आणि ते पूर्ण न वापरता काही जागा मोकळी सोडणे हिताचे असते. कॅशचे पार्टिशन काठोकाठ भरल्यास क्लायंटचे काम बिघडते.

लिनक्सवर ओपनएएफएसचा क्लायंट हा कर्नलचा भाग नसून स्वतंत्र मॉड्यूल आहे. आयबीएमचा सार्वजनिक परवाना आणि कर्नलचा जीपीएल परवाना एकमेकांशी जुळत नसल्याने तो कर्नलमध्ये समाविष्ट होऊ शकत नाही. परिणामी प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधावे लागते. हे काम डीकेएमएससारखी साधने आपोआप करतात, तथापि नवे कर्नल मॉड्यूलच्या आवृत्तीला अपरिचित असल्यास बांधणी फसते. ज्यांच्या होम डिरेक्टऱ्या एएफएसवर आहेत त्यांना अशा यंत्रावर काम करता येत नाही. म्हणून कर्नलची स्वयंचलित अद्ययावती रोखून धरणे आणि ती आधी एका यंत्रावर पारखून घेणे, हा अनेक ठिकाणचा रिवाज आहे.

प्रशासन

वापरकर्ते आणि टोकन

कर्बेरॉसचे तिकीट मिळाल्यावर ‘एकेलॉग’ आज्ञा त्यावरून एएफएसचे टोकन मिळवते. टोकनाची मुदत तिकिटाच्या मुदतीएवढी असते. मुदत संपल्यावर वापरकर्ता अनोळखी मानला जातो आणि चालू असलेले कार्यक्रम अचानक परवानगी नाकारल्याचा दोष दाखवू लागतात. रात्रभर चालणारी गणिते आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे यांच्याबाबत ही अडचण विशेष जाणवते. त्यासाठी ‘के५स्टार्ट’सारख्या साधनाने तिकीट व टोकन वेळोवेळी नूतनीकृत केले जाते. याचप्रमाणे दूरस्थ प्रवेशासाठी होम डिरेक्टरीत ठेवलेली सार्वजनिक किल्ली प्रवेशापूर्वी वाचताच येत नाही, कारण त्या क्षणी टोकन नसते.

वापरकर्त्यांचे एएफएस क्रमांक धन व गटांचे ऋण असतात. वापरकर्त्याचा एएफएस क्रमांक त्याच्या युनिक्स क्रमांकाशी जुळता ठेवतात, नाहीतर फाइलींच्या यादीत भलत्याचेच नाव मालक म्हणून दिसते. सामान्य वापरकर्ताही स्वतःच्या नावाने सुरू होणारे गट निर्माण करू शकतो व त्यांत इतरांना घेऊ शकतो. सहाध्यायी वा सहकाऱ्यांना फाइली देण्यासाठी प्रशासकाकडे जावे लागत नाही.

परवानग्या

परवानग्या प्रत्येक फाइलला नसून डिरेक्टरीला असतात. त्या सात आहेत: यादी पाहणे, नवी नोंद घालणे, नोंद काढणे, परवानग्या बदलणे, मजकूर वाचणे, मजकूर लिहिणे आणि कुलूप लावणे. युनिक्सच्या नेहमीच्या परवानगी-बिटांपैकी केवळ मालकाचे बिट विचारात घेतले जातात, तेही आणखी बंधन घालण्यापुरते. गटाच्या व इतरांच्या बिटांना एएफएसमध्ये अर्थ नाही.

नवी उपडिरेक्टरी जन्मतः वरच्या डिरेक्टरीच्या परवानग्यांची प्रत घेते. नंतर वरच्या डिरेक्टरीत केलेले बदल मात्र खाली झिरपत नाहीत. फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत हलवल्यास तिला तेथील परवानग्या लागू होतात. ‘सिस्टम:एनीयूजर’ या गटात टोकन नसलेल्यांसह सर्वजण येतात. सेल इंटरनेटला खुला असल्यास या गटाला दिलेली वाचनाची परवानगी म्हणजे सर्व जगाला दिलेली परवानगी ठरते. केवळ ओळख पटलेल्यांसाठी ‘सिस्टम:ऑथयूजर’ हा वेगळा गट आहे. नकारात्मक परवानगीही देता येते. तथापि ‘सिस्टम:एनीयूजर’ला तोच अधिकार दिलेला असल्यास ती निरर्थक ठरते, कारण नाकारलेली व्यक्ती टोकन टाकून देऊन अनोळखी म्हणून आत येऊ शकते.

व्हॉल्यूमचे स्थलांतर

‘व्हॉस मूव्ह’ ही एएफएसच्या प्रशासनातील सर्वांत मोलाची आज्ञा मानली जाते. ती व्हॉल्यूमची क्षणप्रत काढून नव्या सर्व्हरवर पाठवते, दरम्यान झालेले बदल नंतर वेगळे पाठवते, अखेरच्या टप्प्यात थोडा वेळ व्हॉल्यूमला कुलूप लावून स्थानाची नोंद बदलते आणि जुनी प्रत काढून टाकते. वापरकर्त्यांच्या उघड्या फाइलींवरील काम या काळात चालू राहू शकते. यामुळे डिस्क भरत आली, यंत्र जुने झाले वा त्याची दुरुस्ती करायची असली, तर दिवसाढवळ्या सर्व व्हॉल्यूमे दुसरीकडे हलवून सर्व्हर रिकामा करता येतो.

व्हॉल्यूम एकाच पार्टिशनमध्ये मावावे लागते, ते अनेक पार्टिशनांवर पसरत नाही. दुसरीकडे, एका पार्टिशनवरील व्हॉल्यूमांच्या कोट्यांची बेरीज पार्टिशनहून मोठी असण्यास प्रणालीची हरकत नसते. म्हणून कोट्याकडे पाहून स्वस्थ न राहता ‘व्हॉस पार्टइन्फो’ने प्रत्यक्ष मोकळी जागा तपासत राहावे लागते.

राखीव प्रती

‘व्हॉस बॅकअप’ आज्ञा व्हॉल्यूमची क्षणप्रत तत्काळ तयार करते. रोज रात्री ही प्रत नव्याने घेऊन वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत ‘ओल्डफाइल्स’सारख्या नावाने जोडली जाते, जेणेकरून चुकून पुसलेली कालची फाइल वापरकर्ता स्वतःच परत घेऊ शकतो. मात्र ही प्रत मूळ व्हॉल्यूमच्याच पार्टिशनवर असते. डिस्क निकामी झाल्यास दोन्ही एकदमच जातात. त्यामुळे ‘व्हॉस डंप’ने व्हॉल्यूम एएफएसबाहेर उतरवून वेगळ्या माध्यमावर जपणे अनिवार्य आहे. उतरवलेली प्रत ‘व्हॉस रिस्टोर’ने नव्या नावाने परत आणता येते, म्हणून पुनर्प्राप्तीचा सरावही मूळ व्हॉल्यूमला धक्का न लावता होऊ शकतो. डेटाबेसच्या फाइली आणि कर्बेरॉसचा डेटाबेस यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्या लागतात.

वाचनप्रतींचा उपयोग उपलब्धतेसाठी होतो. एक सर्व्हर बंद पडल्यास क्लायंट दुसऱ्या प्रतीकडे वळतो. लेखनक्षम व्हॉल्यूम मात्र एकच असते. त्याचा सर्व्हर बंद असेपर्यंत त्यातील फाइली मिळत नाहीत.

दुरुस्ती

सर्व्हर अवेळी बंद पडल्यास व्हॉल्यूमची अंतर्गत सुसंगती ‘सॅल्व्हेजर’ ही प्रक्रिया तपासते. पूर्वी पार्टिशनवरील सर्व व्हॉल्यूमे तपासून होईपर्यंत सर्व्हर उपलब्ध होत नसे आणि मोठ्या सर्व्हरवर यात तास जात. १.६ मालिकेपासून आलेल्या, मागणीनुसार व्हॉल्यूम जोडणाऱ्या फाइल सर्व्हरमुळे बिघडलेले व्हॉल्यूम गरज पडेल तेव्हा एकेकटे दुरुस्त होते.

स्थान डेटाबेस आणि सर्व्हरवरील वस्तुस्थिती यांत तफावत पडल्यास ‘व्हॉस सिंकव्हीएलडीबी’ आणि ‘व्हॉस सिंकसर्व्ह’ या आज्ञांनी ती मिटवता येते. वापरकर्त्याच्या बाजूने ‘एफएस चेकसर्व्हर्स’ने सर्व्हर प्रतिसाद देतात की नाही हे कळते, ‘एफएस व्हेअरइज’ने फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे ते समजते आणि ‘एफएस फ्लश’ने कॅशमधील प्रत टाकून देता येते. मध्ये असलेली फायरवॉल शांत यूडीपी जोडण्या लवकर विसरत असेल, तर सर्व्हरचे कॉलबॅक क्लायंटपर्यंत पोहोचत नाहीत. फाइली कधी तत्पर, तर कधी दीर्घ विलंबाने उघडू लागल्यास याची शक्यता प्रथम तपासतात.

सुरक्षा

एएफएसची मूळ प्रमाणीकरण पद्धत ५६ बिटांच्या डीईएस किल्ल्यांवर उभी होती. अशी किल्ली सर्व शक्यता तपासून शोधणे स्वस्त झाल्यामुळे जुलै २०१३ मध्ये ओपनएएफएसने सुरक्षा सूचना काढली आणि अधिक सबळ किल्ल्या स्वीकारणारी सुधारणा दिली. सर्व सेलना त्यानंतर आपली किल्ली बदलावी लागली. जाळ्यावरून जाणारा मजकूर मात्र आजही ‘एफक्रिप्ट’ या जुन्या, दुर्बळ पद्धतीनेच कूटबद्ध होतो. त्यामुळे संवेदनशील मजकूर इंटरनेटवरून नेताना व्हीपीएनसारखे वेगळे संरक्षण वापरणे योग्य समजले जाते. या उणिवेवर उपाय म्हणून ‘आरएक्सजीके’ ही नवी पद्धत आखण्यात आली आणि ऑरिस्टर या व्यावसायिक वंशजात ती अमलात आली.

जानेवारी २०२१ मधील दोष

ओपनएएफएस १.८ मालिकेतील एक सुप्त दोष १४ जानेवारी २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ५५ मिनिटे ३६ सेकंदांनी प्रकट झाला. या क्षणी युनिक्सच्या पद्धतीने मोजलेल्या सेकंदांची संख्या १,६१,०६,१२,७३६ झाली. आरएक्स प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक जोडणीला दिला जाणारा क्रमांक सुरुवातीच्या वेळेवरून ठरत असे. संख्येने ही सीमा ओलांडताच हे गणित चुकले आणि नव्या जोडण्यांना वेगवेगळे क्रमांक मिळेनासे झाले. परिणामी त्या क्षणानंतर सुरू केलेल्या प्रक्रियांचा सर्व्हरशी संवाद तुटू लागला.

आधीपासून चालू असलेल्या क्लायंटवर व सर्व्हरवर याचा परिणाम झाला नाही. बिघाड दिसताच यंत्र पुन्हा सुरू करणे हा प्रशासकाचा नेहमीचा उपाय असतो, परंतु या प्रसंगी त्याच उपायाने चालू असलेले यंत्रही बंद पडले असते. दोष दूर करणारी १.८.७ ही आवृत्ती तातडीने प्रसिद्ध झाली. ज्या यंत्रांवर ती बसवता आली नव्हती, ती सुधारणा होईपर्यंत पुन्हा सुरू न करण्याचा सल्ला देण्यात आला.

मर्यादा

एएफएस सर्व कामांसाठी अनुकूल नाही. डेटाबेस किंवा अनेक यंत्रांनी एकाच वेळी लिहायच्या फाइली यांसाठी, बंद करताना लेखन पाठवण्याची पद्धत योग्य ठरत नाही. कोटा संपल्याचा दोष कित्येकदा लिहिताना न कळता फाइल बंद करताना कळतो. जे कार्यक्रम बंद करण्याच्या क्रियेचे उत्तर तपासत नाहीत ते लेखन यशस्वी झाल्याचे समजतात आणि मजकूर हरवतो. दोन वेगळ्या डिरेक्टऱ्यांत एकाच फाइलचे हार्ड लिंक करता येत नाहीत. एका डिरेक्टरीत छोट्या नावांच्या सुमारे ६४,००० नोंदीच मावतात आणि नावे लांब असल्यास ही संख्या आणखी घटते.

प्रसार आणि प्रभाव

कार्नेगी मेलन, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, स्टॅनफर्ड व मिशिगन ही विद्यापीठे, तसेच सर्न, फर्मीलॅब आणि डेझी या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा यांनी एएफएसचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेतही ती वापरली गेली. पुढे सर्नने आपला साठा स्वतःच्या ईओएस प्रणालीकडे वळवण्याचे धोरण स्वीकारले.

सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ‘कोडा’ ही प्रणाली एएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीवर आधारित असून, जाळ्याशी संपर्क तुटला असतानाही काम चालू ठेवण्याचा प्रश्न तिने हाताळला. डीसीई या संचातील डीएफएस ही प्रणालीही एएफएसपासूनच निपजली. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीतील फाइल क्लायंटकडे तात्पुरती सोपवण्याची योजना कॉलबॅकच्या कल्पनेशी नाते सांगते. लिनक्स कर्नलमध्ये ‘केएएफएस’ हा जीपीएल परवान्याखालील स्वतंत्र क्लायंटही उपलब्ध आहे.

हेही पाहा

• कर्बेरॉस
• नेटवर्क फाइल सिस्टम
• कोडा (फाइल प्रणाली)
• कार्नेगी मेलन विद्यापीठ
• महादेव सत्यनारायणन